युद्ध संपल्यावरच्या देशांत काम: गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंडा, म्हापसा, डिचोली, काणकोण इथल्या कॉलेजांतली मुलं हे प्रश्न पाठवतात, आणि अलीकडे त्यांचे आईबापही. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र असतं: लांब टेबल, दोन्ही बाजूंना झेंडे आणि मधे सही करणारा कोणीतरी सूटवाला. प्रत्यक्षातलं काम त्या सहीनंतर सुरू होतं आणि त्यातलं बरंचसं मामलेदार कचेरीत शोभेल असं असतं. हे ज्याला आवडेल त्यानेच पुढचं वाचावं. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा लिहिलेली नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शांतता-उभारणी म्हणजे नक्की काय? शांतिसेनाच ना ती?

नाही. शांतिसेना म्हणजे निळी शिरस्त्राणं घातलेले सैनिक आणि पोलीस. दोन बाजूंमध्ये उभं राहून गोळीबार थांबलेला ठेवणं हे त्यांचं काम. शांतता-उभारणी म्हणजे थांबलेला गोळीबार पाच वर्षांनी परत सुरू होऊ नये यासाठी करायचं सगळं काही. त्यात पोलीस ठाणी आणि कोर्टं उभी करणं येतं. मतदारयाद्या, जमिनीची कागदपत्रं, पळून गेलेल्या कुटुंबांना परत आणणं, हत्यार टाकलेल्या पोरांना कामधंद्याला लावणं हेही येतं. संयुक्त राष्ट्रसंघाचे तेव्हाचे सरचिटणीस बुत्रोस बुत्रोस-घाली यांनी १९९२ मध्ये ही कल्पना नीट मांडली आणि २००५ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र आयोग नेमला गेला. जागेवर मात्र सीमारेषा पुसट असते. एकाच मिशनमध्ये सैनिक, पोलीस आणि साधे नागरी कर्मचारी एकाच कँटीनमध्ये जेवतात.

२. मग मुत्सद्दी माणूस तिथे दिवसभर करतो काय?

याचं उत्तर आग्नेय आशियातल्या पूर्व तिमोरच्या गोष्टीतून चांगलं कळतं. ती गोष्ट गोंयकाराला जवळचीही वाटेल.

तिमोर आपल्यासारखीच पोर्तुगीज वसाहत होती. १९७५ मध्ये पोर्तुगीज निघाले आणि त्याच डिसेंबरात इंडोनेशियाने तिचा ताबा घेतला. ३० ऑगस्ट १९९९ रोजी लोकांनी मतदान केलं आणि ७८.५ टक्क्यांनी इंडोनेशियाच्या चौकटीतली स्वायत्तता नाकारली. त्यानंतर इंडोनेशियाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांनी गावंच्या गावं जाळली. ऑक्टोबरपासून संयुक्त राष्ट्रसंघाने तिथे मदत पाठवून हात झटकले नाहीत, चक्क राज्य चालवलं. कायदे, जकात, चलन, नागरिकांची नोंद असा सगळा कारभार सर्जिओ व्हिएरा द मेलो या ब्राझिलियन अधिकाऱ्याच्या हाताखाली होता. २० मे २००२ रोजी देश स्वतंत्र झाला आणि जगाने टाळ्या वाजवल्या.

चार वर्षांनी, २००६ मध्ये, राजधानीचं शहर, ‘दिली’, पुन्हा पेटलं. या वेळी कारण परकी सैन्य नव्हतं. पश्चिमेकडच्या जिल्ह्यांतल्या सैनिकांची तक्रार होती की बढत्यांमध्ये पूर्वेकडच्यांना झुकतं माप मिळतं. त्यांनी अर्ज केला, मग बराकी सोडल्या, आणि सरकारने सुमारे सहाशे जणांना काढून टाकलं. बढतीच्या तक्रारीतून सुरू झालेल्या भांडणाने लाखाहून जास्त माणसं तंबूत आणली.

तर मुत्सद्द्याचं काम हे असं आहे. मिशनचा प्रमुख सकाळी सुरक्षेचा आढावा घेतो. मग मंत्री, विरोधी पक्षनेता, बिशप, पोलीसप्रमुख अशा एकमेकांशी न बोलणाऱ्या माणसांना वेगवेगळं भेटतो. संध्याकाळी न्यूयॉर्कला तार जाते आणि ठरावीक महिन्यांनी सुरक्षा परिषदेपुढे अहवाल. त्याच्या हाताखालचा तरुण अधिकारी जिल्ह्यात जातो, लोकांचं ऐकतो आणि रात्री ते नेमक्या शब्दांत लिहून काढतो. बराकीतली कुरबूर आज कोणी लिहिली नाही तर वर्षाने ती रस्त्यावर दिसते. ज्याला लिहायचा कंटाळा आहे त्याने या वाटेला येऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

३. भारतीय माणसं या कामात मोठ्या पदांवर गेली आहेत का?

बरीच गेली आहेत, आणि सुरुवातीपासून गेली आहेत. कोरियातल्या युद्धकैद्यांचा प्रश्न सोडवायला १९५३ मध्ये जो आयोग नेमला, त्याचे अध्यक्ष जनरल थिमय्या होते. पुढे सायप्रसमधल्या शांतिसेनेचं नेतृत्व करत असतानाच १९६५ मध्ये त्यांचं निधन झालं. व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडियातल्या १९५४ च्या देखरेख आयोगांचं अध्यक्षपद भारताकडे होतं. राजेश्वर दयाल काँगोत होते (त्यांची गोष्ट प्रश्न १५ मध्ये). माजी युगोस्लाव्हियातल्या शांतिसेनेचे १९९२ मधले पहिले सेनापती सतीश नंबियार. चिन्मय घारेखान यांनी पॅलेस्टिनी भागात संयुक्त राष्ट्रसंघाचं काम सांभाळलं. प्रश्न २ मधल्या दंगलीनंतर तिमोरच्या मिशनची सूत्रं अतुल खरे यांच्याकडे आली आणि २००९ पर्यंत ती त्यांच्याकडे होती.

सैनिकांचा हिशेब तर वेगळाच आहे. भारत सरकारच्या आकडेवारीप्रमाणे आजवर २,९०,००० हून जास्त भारतीय शांतिसैनिक पन्नासहून अधिक मिशनांमध्ये गेले.

४. आयएफएस होऊन जावं की सरळ यूएनमध्ये अर्ज करावा?

दोन्ही दारं खरी आहेत, पण आतली घरं वेगळी आहेत. आयएफएस म्हणजे भारतीय परराष्ट्र सेवा, तिची वाट यूपीएससीतून जाते. तिचा अधिकारी भारताचा माणूस असतो. आज ब्राझील, तीन वर्षांनी ढाका, मग दिल्लीत परराष्ट्र मंत्रालय. शांतता-उभारणीचं काम त्याच्या वाट्याला येईलच असं नाही. आलं तरी बहुतेक वेळा मधल्या किंवा वरच्या टप्प्यावर येतं, प्रतिनियुक्तीने किंवा न्यूयॉर्कच्या आपल्या कायमस्वरूपी प्रतिनिधी कार्यालयातून. त्याच्या बदल्यात नोकरीची शाश्वती आहे आणि मागे एक देश उभा आहे.

यूएनचा नागरी अधिकारी पहिल्या दिवसापासून याच कामात असतो, पण कंत्राटावर. एक वर्ष, दोन वर्षं, मिशन संपलं की पुन्हा अर्ज (प्रश्न १६).

ज्याला घर, शेत आणि म्हातारे आईवडील यांचं गणित जुळवायचं आहे त्याला मी आधी यूपीएससी सुचवतो. पण वयाची बत्तिशी जवळ आली असेल तर एकाच दारावर डोकं आपटत बसू नये.

५. यूपीएससी मराठीतून देता येते का? त्यासाठी गोव्याबाहेर राहावं लागेल का?

मुख्य परीक्षेची उत्तरं राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कुठल्याही भाषेत लिहिता येतात, म्हणजे मराठीत आणि कोकणीतही. मराठी साहित्य आणि कोकणी साहित्य हे दोन्ही वैकल्पिक विषय आहेत. मुलाखतही मराठीत देता येते. मात्र प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीतच येते. शिवाय ३०० गुणांचा इंग्रजीचा एक अनिवार्य पेपर उत्तीर्ण व्हावाच लागतो, फक्त त्याचे गुण धरत नाहीत. भारतीय भाषेच्या पेपरचंही तसंच.

पूर्वपरीक्षेचं केंद्र पणजीत आहे. मुख्य परीक्षेला मुंबई किंवा बंगळूर गाठावं लागतं आणि मुलाखत दिल्लीत होते. खुल्या गटाला २१ ते ३२ वर्षं आणि सहा प्रयत्न, ओबीसींना तीन वर्षं जास्त आणि नऊ प्रयत्न. अनुसूचित जाती-जमातींना पाच वर्षं जास्त, आणि त्या वयात कितीही प्रयत्न. गेल्या काही वर्षांत परराष्ट्र सेवेच्या जागा साधारण तीस ते पंचावन्नच्या दरम्यान होत्या. त्यामुळे यादीत नाव येणं पुरत नाही, वर यावं लागतं. निवड झाल्यावर मसुरी, मग दिल्लीतली सुषमा स्वराज परराष्ट्र सेवा संस्था, आणि मग एक परकी भाषा सक्तीने शिकणं. त्या भाषांमध्ये पोर्तुगीजही असते.

दिल्लीला राहून क्लास लावावा का, हाही प्रश्न याच्या मागोमाग येतो. पणजीत पाटोला राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. तिथे एक वर्ष नेमाने बसून दाखवा, मग दिल्लीच्या भाड्याचा विचार करा.

६. कुठली पदवी घ्यावी? आंतरराष्ट्रीय संबंधच घ्यायला हवं का?

घेतलं तर वाईट नाही. गोवा विद्यापीठात त्या विषयाचं शिक्षण मिळतं. पण जिथे सरकारच मोडून पडलं आहे तिथे लागणारी माणसं म्हणजे वकील, हिशेबनीस, भूमापक, डॉक्टर, निवडणुकीचं काम केलेले, पाणीपुरवठ्याचे इंजिनियर. प्रश्न ३ मधले अतुल खरे आयएफएसमध्ये येण्याआधी दिल्लीच्या एम्सचे डॉक्टर होते.

गोव्यातल्या मुलांना मी कायद्याकडे पाहायला सांगतो. मिरामार आणि मडगाव दोन्हीकडे लॉ कॉलेज आहे. गोव्यातला वकील कूळ-मुंडकार खटले (मुंडकार म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा), फॉर्म एक-चौदा (जमिनीचा उतारा) आणि कोमुनिदादीच्या, म्हणजे गावकीच्या, जमिनी यांत पहिल्या दोन-तीन वर्षांतच बुडतो. कोणाची जमीन, कोण राहत होतं, कागद कोणाच्या नावावर आणि ताबा कोणाकडे, हाच गुंता युद्धातून बाहेर आलेल्या जवळपास प्रत्येक देशात असतो. फरक इतकाच की तिथे फिर्यादी-आरोपींकडे परवापरवापर्यंत बंदुका होत्या.

यूएनच्या व्यावसायिक श्रेणीत पी-२ ही सुरुवातीची पायरी. पदव्युत्तर पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव अशी तिथे साधारण अट असते. नुसती पहिली पदवी असेल तर अनुभव जास्त लागतो. प्रत्येक जाहिरातीतली अट नीट वाचावी.

७. आजी पोर्तुगीज बोलते, मला थोडं येतं. खरंच उपयोग होतो?

होतो, पण लोकांना वाटतो तिथे नाही.

संघर्षातून गेलेल्या पोर्तुगीजभाषी देशांची यादी छोटी नाही. अंगोला, मोझांबिक, गिनी-बिसाव, तिमोर. यांतल्या प्रत्येक ठिकाणी संयुक्त राष्ट्रसंघाचं मिशन होऊन गेलं. यूएनच्या सहा अधिकृत भाषांत मात्र पोर्तुगीज नाही. अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि स्पॅनिश या त्या सहा. आफ्रिकेतल्या बऱ्याच मिशनांचा कारभार फ्रेंचमध्ये चालतो. म्हणून एकच भाषा शिकायची तर फ्रेंच, हा व्यवहारी सल्ला. पोर्तुगीज घरातून अर्धी आलेली असेल तर मात्र ती पुरी करा, कारण इतर भारतीय उमेदवारांकडे ती सहसा नसते.

आता बारकावा. तिमोरमध्ये पोर्तुगीज आणि तेतुम या अधिकृत भाषा आहेत. पण इंडोनेशियाच्या काळात वाढलेली पिढी शाळेत इंडोनेशियन शिकली आणि बाजारात तेतुम चालते. म्हणजे पोर्तुगीज मंत्रालयात, कोर्टात आणि जुन्या पुढाऱ्यांच्या बैठकीच्या खोलीत उपयोगी पडते, मासळीबाजारात नाही. कायद्याचंही तसंच आहे. तिमोरने २०११ मध्ये स्वतःचा नागरी कायदा केला, तो पोर्तुगालच्या १९६६ च्या संहितेवर बेतलेला आहे. आपल्या गोव्यात रुजलेली संहिता १८६७ ची. सांगाडा ओळखीचा वाटेल, पण कलमं तीच आहेत असं समजून कोणी मत देऊ नये.

शिकायला पणजीत इन्स्तितुतो कामोंइश या पोर्तुगालच्या भाषाप्रसार संस्थेचं केंद्र आहे आणि गोवा विद्यापीठात पोर्तुगीजचा अभ्यास होतो. अर्जात ‘घरी बोलतो’ एवढं लिहून भागत नाही, प्रमाणपत्र असावं. भारताने तिमोरच्या राजधानीत दूतावास उघडायचा निर्णय २०२३ मध्ये जाहीर केला, तेव्हा परराष्ट्र सेवेतल्यांनाही ही भाषा पूर्वीपेक्षा जास्त कामाची झाली आहे.

८. वडिलांची जन्मनोंदणी लिस्बनला झाली आहे. मी पोर्तुगीज पासपोर्ट काढला तर यूएनमध्ये फायदा होईल का?

हा प्रश्न मुंबई-पुण्याहून कधी येत नाही, सासष्टी आणि बार्देशमधून मात्र सतत येतो. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगालच्या कायद्याने ही वाट मोकळी आहे.

आधी तोटा पाहा. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे आपणहून परकं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं. ते गेलं की आयएफएसचं दार बंद, कारण त्या सेवेला भारतीय नागरिकच लागतो. ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांचं) कार्डाने ते उघडत नाही. पंचायतीतलं मतही जातं.

आता फायदा. यूएन प्रत्येक कर्मचाऱ्याचं एकच राष्ट्रीयत्व मानतं. पोर्तुगीज म्हणून अर्ज केलात तर तुम्ही पोर्तुगालच्या खात्यावर मोजले जाता. तरुणांसाठी यूएनची वेगळी परीक्षा असते, वय ३२ पर्यंत. पण तिच्यात कुठल्या देशाच्या उमेदवारांना बसता येईल ती यादी दर वर्षी बदलते. म्हणून अमुक पासपोर्टचा कायमचा फायदा आहे असं म्हणता येत नाही. ठोस फरक एका ठिकाणी पडतो. युरोपीय संघ कोसोव्होसारख्या ठिकाणी स्वतःची नागरी मिशनं चालवतो आणि तिथे सदस्य देश आपली माणसं पाठवतात.

‘फक्त जन्म नोंदवला आहे, पासपोर्ट काढलेला नाही’ ही मधली अवस्था सर्वांत धोक्याची. त्यावर वाद झालेले आहेत आणि निर्णय केंद्र सरकारचा असतो. वडिलांनी तुम्ही अज्ञान असताना तुमचीही नोंद केली असेल तर यूपीएससीचा फॉर्म भरण्याआधी वकिलाला कागद दाखवा. शेजाऱ्याच्या मुलाचं काय झालं, यावर जाऊ नका.

९. मी पोलिसात आहे, भाऊ तारवटी (जहाजावर नोकरीला) आहे, बहीण नर्स आहे. आमच्यासाठी काही आहे का?

पोलिसांसाठी नक्की आहे. राज्य पोलिसांतून केंद्रीय गृहखात्यामार्फत नावं जातात. किमान पाच वर्षांची नोकरी लागते आणि यूएनचं पथक इंग्रजी, गाडी चालवणं व शस्त्र हाताळणं यांची परीक्षा घेतं. गाडीच्या परीक्षेत चांगले चांगले नापास होतात, कारण ती जीपसारखी मोठी फोर-बाय-फोर असते आणि मागे घेऊन दाखवावी लागते. सैन्यातल्यांची निवड सैन्यच करतं. त्यांच्या प्रशिक्षणाचं केंद्र दिल्लीत २००० पासून आहे.

तारवटी भावासाठी यूएनमध्ये ‘फील्ड सर्व्हिस’ नावाची श्रेणी आहे. तिच्यात वाहतूक, इंधन, भांडार, वीज आणि रेडिओ-दळणवळण ही कामं येतात. जहाजावरच्या इंजिनरूममध्ये किंवा भांडारात दहा वर्षं काढलेल्या माणसाला हे काम परकं नाही. फक्त सीडीसीवरची (खलाशाच्या सेवापुस्तकातली) सेवा अर्जात साध्या इंग्रजीत उलगडून लिहावी लागते. किती माणसं हाताखाली होती, किती किमतीचा माल सांभाळला, हे लिहा.

बहिणीने मेदसाँ साँ फ्रॉंतिएर (संकटग्रस्त भागांत वैद्यकीय सेवा देणारी) आणि रेडक्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती या दोन संस्थांकडे आधी पाहावं. दोन वर्षांचा अनुभव झाल्यावर अर्ज करण्यात अर्थ आहे.

१०. सगळीकडे अनुभव मागतात. पहिला अनुभव मिळणार कुठे?

यूएन व्हॉलंटियर्स. मुख्यालय जर्मनीत बॉनला. १८ ते २६ वयाच्या तरुणांसाठी वेगळी श्रेणी आहे, २७ च्या पुढे तज्ज्ञ म्हणून वेगळी. पगार मिळत नाही, राहण्या-जेवण्याचा भत्ता आणि विमा मिळतो. घरबसल्या ऑनलाइन स्वयंसेवाही करता येते: भाषांतर, माहितीची मांडणी, नकाशे. ते सीव्हीत दिसतं.

दुसरा अनुभव घराजवळचा आहे आणि मुलं त्याला किंमत देत नाहीत. निवडणुकीत मतदान केंद्रावर काम, कायदेविषयक मदत केंद्र, पुरात किंवा कोविडमध्ये केलेलं मदतकार्य, ग्रामसभेचं इतिवृत्त लिहिणं. मुलाखतीत ‘दोन गटांत मतभेद होते तेव्हा तुम्ही काय केलं ते सांगा’ असाच प्रश्न येतो आणि त्याला खरं उदाहरण लागतं.

११. एक एजंट म्हणतो, दोन लाख भरले तर यूएनमध्ये ड्रायव्हरची नोकरी. खरं असेल का?

खोटं आहे. संयुक्त राष्ट्रसंघ अर्ज, मुलाखत, प्रशिक्षण, वैद्यकीय तपासणी अशा कुठल्याही टप्प्यावर उमेदवाराकडून पैसे घेत नाही आणि त्याला एजंट नसतात. लेटरहेड, निळा शिक्का, जीमेलवरून आलेलं नेमणूकपत्र, काही असलं तरी पैसे मागितले की विषय संपला. पैसे गेले असतील तर सायबर गुन्ह्यांसाठी १९३० वर लगेच फोन करा आणि पोलिसांत तक्रार द्या.

१२. पगार किती? बायकामुलांना नेता येतं का?

आयएफएसचा मूळ पगार ५६,१०० रुपयांपासून सुरू होतो आणि परदेशी नेमणुकीत त्यावर परदेश भत्ता मिळतो. यूएनच्या व्यावसायिक श्रेणीचा पगार डॉलरमध्ये असतो आणि शहराच्या महागाईप्रमाणे त्यात भर पडते. खडतर ठिकाणी त्यावर वेगळा भत्ता, आणि फारच धोक्याच्या जागी आणखी एक. ऐकायला छान वाटतं. पण ज्या ठिकाणी हे भत्ते मिळतात त्यांतली बरीच ‘कुटुंबाविना’ म्हणून जाहीर केलेली असतात. बायकामुलं गोव्यात, तुम्ही कंटेनरच्या खोलीत. ठरावीक आठवडे काम केल्यावर विश्रांतीसाठी बाहेर पाठवतात. जागा जितकी कठीण तितके ते आठवडे कमी.

पेन्शनसाठी किमान पाच वर्षांची वर्गणी भरलेली सेवा लागते. सल्लागार म्हणून कंत्राटावर असाल तर तुम्ही ‘कर्मचारी’ धरले जात नाही. कर, विमा आणि पेन्शन या तिन्हींत त्याने फरक पडतो, तेव्हा सही करण्याआधी सीएला विचारा.

१३. मुलगी जायचं म्हणते. पाठवावी का?

हा प्रश्न आईवडील विचारतात आणि ‘सुरक्षित असतं हो’ असं सांगणं खोटं ठरेल. १९ ऑगस्ट २००३ रोजी बगदादमधल्या यूएन कार्यालयावर बॉम्बहल्ला झाला. त्यात बावीस माणसं मेली. प्रश्न २ मधले व्हिएरा द मेलो त्यांतच गेले. त्यानंतर सुरक्षेचे नियम खूप कडक झाले. जायच्या आधी ऑनलाइन प्रशिक्षण, धोक्याच्या ठिकाणी पोहोचल्यावर प्रत्यक्ष सरावाचं प्रशिक्षण, रात्रीची संचारबंदी, गाडी कुठे आहे याची रेडिओवर नोंद. धोका त्याने कमी होतो, संपत नाही.

मुलगी म्हणून वेगळा विचार करायचा तर कामाच्या बाजूने करा. सुरक्षा परिषदेने २००० मध्ये १३२५ क्रमांकाचा ठराव केला, शांततेच्या प्रक्रियेत बायकांना स्थान देणारा. त्यामागे साधी अडचण होती: अत्याचार झालेल्या बायका पुरुष अधिकाऱ्यापुढे बोलत नाहीत. २००७ मध्ये भारताने लायबेरियात फक्त महिलांची पोलीस तुकडी पाठवली, शांतिमिशनमधली ती पहिलीच. अशा तुकड्या २०१६ पर्यंत एकापाठोपाठ एक जात राहिल्या. मुलगी मोठी आहे, नियम समजून घेतले आहेत, आणि नेमणूकपत्र खरं आहे (प्रश्न ११) एवढं पाहा. पुढचं ठरवणं तिचं.

१४. मुलाखतीत ‘गोव्यात कुठे संघर्ष झाला?’ असं विचारलं तर काय सांगू?

१९६७ चा जनमत कौल सांगा, आणि नीट अभ्यास करून सांगा.

१६ जानेवारी १९६७. प्रश्न होता महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं. फूल की दोन पानं. विलीनीकरणाविरुद्ध १,७२,१९१ मतं पडली, बाजूने १,३८,१७०. फरक ३४,०२१ चा. हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरात आजोबांनी फुलावर शिक्का मारला असेल आणि आजोळी दोन पानांवर.

अभ्यासकाने पाहायची गोष्ट आकड्यांच्या मागे आहे. कौलाआधी मुख्यमंत्री दयानंद बांदोडकरांच्या सरकारने राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवट आली, म्हणजे सत्तेतली बाजूच पंच राहिली नाही. आणि हरलेल्या बाजूला पुढचा रस्ता उरला होता. विलीनीकरणाचा आग्रह धरणारे बांदोडकर कौल हरले आणि थोड्याच आठवड्यांत झालेल्या विधानसभा निवडणुकीत जिंकून पुन्हा मुख्यमंत्री झाले. हरूनही राजकारणात जागा उरते असं दिसलं की माणसं निकाल मानतात. १९९९ च्या तिमोरमध्ये हरणाऱ्या बाजूकडे बंदुका होत्या आणि निकालानंतर गमावायचं सगळं होतं.

पण तुलना ताणू नका. गोव्यात प्रशासन जागेवर होतं, संसदेचा कायदा होता, कोणाकडे सैन्य नव्हतं. कोकणी की मराठी, हा भाषेचा प्रश्नही त्या कौलाने मिटला नाही. ऐंशीच्या दशकातलं भाषा आंदोलन रस्त्यावर आलं आणि त्यात माणसं गेली. मुलाखत घेणाऱ्याला तुमची बाजू ऐकायची नसते, दुसरी बाजू तुम्हाला किती सरळपणे मांडता येते ते पाहायचं असतं. मराठीवाद्याने कोकणीवाद्याचं म्हणणं त्याला पटेल अशा शब्दांत मांडून दाखवावं, आणि उलटही. घरी जेवताना करून पाहा. वाटतं त्याहून अवघड जातं.

१५. भारत सरकारने यूएनमध्ये पाठवलं, तर हुकूम कोणाचा मानायचा?

यूएनचा. सनदेच्या कलम १०० प्रमाणे त्याच्या कर्मचाऱ्याने कुठल्याही सरकारकडून सूचना मागायच्या नाहीत आणि घ्यायच्या नाहीत. स्वतःच्या सरकारकडूनही नाही. कागदावर हे एका ओळीत बसतं. निभावणं किती कठीण असतं ते राजेश्वर दयालांच्या बाबतीत दिसलं.

पाकिस्तानातले आपले उच्चायुक्त असलेले दयाल सप्टेंबर १९६० मध्ये सरचिटणीस डाग हामरशोल्ड यांचे प्रतिनिधी म्हणून काँगोत गेले. बेल्जियमची ही वसाहत स्वतंत्र होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. अध्यक्ष आणि पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांनी एकमेकांना बडतर्फ केलं होतं, लष्करप्रमुख मोबुटूच्या सैन्याने सत्ता हाती घेतली. लुमुंबांच्या घराभोवती यूएनच्या सैनिकांचा पहारा होता. नोव्हेंबरअखेर ते तिथून निसटले, पकडले गेले आणि १७ जानेवारी १९६१ रोजी त्यांना ठार करण्यात आलं. दयालांनी मोबुटूच्या सैन्याबद्दल आणि परत येऊ लागलेल्या बेल्जियनांबद्दल दिसलं तसं लिहिलं. राजधानी लिओपोल्डविलमधले सत्ताधारी आणि पाश्चात्त्य सरकारं नाराज झाली, आणि मे १९६१ मध्ये त्यांना ते पद सोडावं लागलं. नंतर ते भारताचे परराष्ट्र सचिव झाले.

तुमच्या पातळीवर याचा अर्थ साधा आहे. मिशनवर असताना दूतावासातल्या ओळखीच्या साहेबाने ‘जरा तो अहवाल दाखव’ म्हटलं तर नाही म्हणायचं. फेसबुकवर पक्षाचा झेंडा लावायचा नाही. निष्पक्षपणाचा हा नियम स्वयंसेवकालाही लागू आहे.

१६. मिशन बंद झालं की नोकरी जाते?

बहुधा जाते. मालीच्या सरकारने २०२३ मध्ये यूएनला निघून जायला सांगितलं. जूनअखेर सुरक्षा परिषदेने मिशन संपवलं आणि डिसेंबरअखेर ते आवरलंही. हजारो माणसांचं काम सहा महिन्यांत गेलं. तिमोरचं मिशन २०१२ अखेर ठरवून बंद झालं, तेव्हा निदान आधी अंदाज होता. हल्ली मोठे देश वर्गणी वेळेवर देत नाहीत आणि यूएनमध्ये कपात चालू आहे. ज्यांना आता या वाटेने जायचं आहे त्यांनी हातात दुसरा धंदा ठेवावा. वकिलाने सनद चालू ठेवावी, नर्सने नोंदणीचं नूतनीकरण चुकवू नये, सरकारी कर्मचाऱ्याने राजीनामा देण्याआधी प्रतिनियुक्ती किंवा बिनपगारी रजा मिळते का ते लेखी विचारावं.

१७. मी निवृत्त मामलेदार आहे. वय ५९. हे सगळं तरुणांसाठीच का?

अजिबात नाही. यूएनच्या नियमित नोकरीत ६५ ला निवृत्ती असते, त्यामुळे ते दार जवळजवळ बंद आहे. पण प्रश्न १० मधल्या स्वयंसेवकांच्या योजनेत पंधरा वर्षांहून जास्त अनुभवाच्या तज्ज्ञांसाठी श्रेणी आहे आणि तिथे साठी ही अडचण धरत नाहीत. सल्लागार म्हणून सहा महिन्यांची कामंही निघतात. वैद्यकीय तपासणी कडक असते, तेव्हा साखर आणि रक्तदाबाचे कागद आधी पाहा.

सीव्हीत ‘मामलेदार, अमुक तालुका’ असं लिहून परक्या माणसाला काही कळणार नाही. किती कूळ-मुंडकार खटले निकालात काढले, किती मतदान केंद्रांची निवडणूक पार पाडली, पुनर्वसनात किती कुटुंबांना जागा दिल्या, दोन वाड्यांमधला वाटेचा वाद जागेवर जाऊन कसा मिटवला, ते लिहा. इंग्रजीत, दोन पानांत. जुन्या हुकमांच्या प्रती घरात असतील तर तारखा त्यांवरून तपासून घ्या.